वाचकांचे प्रश्न : गोदामातील कॅमेरे आणि न सापडणारे चित्रण

काजूचा हंगाम आटोपत आला आहे, गोदामे भरलेली आहेत आणि मृग फार दूर नाही. याच दिवसांत गोदामे सांभाळणाऱ्या वाचकांची सर्वाधिक पत्रे येतात आणि त्यांतली बहुतेक कॅमेऱ्यांविषयीची असतात. गोव्यातील गोदामांत हीच देखभाल करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे, आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : कुंडई येथे आमचे पॅकिंगच्या मालाचे गोदाम आहे. तेथे आठ कॅमेरे आहेत आणि डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, ४ टीबीची (४००० जीबीची) हार्ड डिस्क आहे. बसवणाऱ्याने महिनाभराचे चित्रण राहील असे सांगितले होते. परवा माल कमी भरला म्हणून मागचे चित्रण शोधू लागलो, तर बारा दिवसांपलीकडचे काहीच मिळाले नाही. मोबाइलवर तर रोज सगळे व्यवस्थित दिसत होते. हे कसे झाले? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांतच याचे उत्तर आहे. डिस्कवर चित्रण किती दिवस राहील हे कॅमेऱ्यांची संख्या आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे तो दर सेकंदाला किती माहिती लिहितो, या दोन गोष्टींवर ठरते. बिटरेट सेकंदाला २ मेगाबिट असेल तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी लिहितो. आठ कॅमेऱ्यांचे मिळून दिवसाला सुमारे १७३ जीबी होतात आणि ४ टीबीची डिस्क जेमतेम २३ दिवसांत भरते. तोच बिटरेट ४ मेगाबिट ठेवला तर ती साडेअकरा दिवसांत भरते आणि त्यानंतर यंत्र सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहू लागते. आपल्याकडे नेमके हेच झालेले दिसते. कॅमेरे बसवताना केलेला हिशेब बहुधा कमी बिटरेटचा असावा आणि पुढे कोणीतरी चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून तो वाढवला असावा. त्यात गैर काही नाही, मात्र डिस्कचा हिशेब त्याच वेळी पुन्हा करायला हवा होता. आठ कॅमेऱ्यांचे २ मेगाबिटने तीस दिवस हवे असतील तर सुमारे ५.२ टीबी जागा लागते, म्हणजे ६ टीबीची डिस्क घ्यावी. आपले कॅमेरे आणि डीव्हीआर चित्रण दाबून कमी जागेत बसवणाऱ्या एच.२६५ पद्धतीने लिहू शकत असतील तर ती सुरू करावी, कारण जुन्या एच.२६४ पद्धतीच्या तुलनेत तितक्याच स्पष्टतेला बरीच कमी जागा लागते.

आपल्याला निदान बारा दिवस तरी मिळाले. याहून वाईट प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. डिस्क निकामी झाली तरी डीव्हीआर पडद्यावर थेट चित्र दाखवतच राहतो, कारण ते दाखवण्यासाठी त्याला डिस्क लागतच नाही. एका गोदामात चोरीनंतर मला बोलावण्यात आले. सोळाच्या सोळा कॅमेरे पडद्यावर लख्ख दिसत होते, पण डिस्कवर शेवटची नोंद अकरा आठवड्यांपूर्वीची होती. डिस्क बिघडल्याची सूचना देणारा डीव्हीआरचा आवाज रात्रपाळीला त्रास होतो म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बंद केला होता. त्या मालकाचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून मी प्रत्येक गोदामात एकच आग्रह धरतो : कॅमेरा चालू आहे की नाही हे पडद्यावर पाहून ठरवू नये, चित्रण बाहेर काढून ठरवावे.

त्यासाठी आठवड्यातील एक दिवस नक्की करावा. त्या दिवशी आदल्या रात्रीची पाच मिनिटे आणि डिस्कवरच्या सर्वांत जुन्या दिवसाची पाच मिनिटे पेन ड्राइव्हवर उतरवून ती दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावीत आणि सर्वांत जुन्या नोंदीची तारीख वहीत लिहून ठेवावी. दर आठवड्याला आजपासून त्या तारखेपर्यंतचे अंतर तेवढेच राहिले तर सारे ठीक आहे. ते एकाएकी घटले तर कोणीतरी सेटिंग बदलले आहे असे समजावे, आणि नवी नोंदच सापडत नसेल तर डिस्क गेली असे समजावे. या कामाला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. डिस्क बदलताना कॅमेऱ्यांसाठी बनवलेली, चोवीस तास लिहिण्याचा ताण सोसणारी डिस्कच घ्यावी. संगणकाची साधी डिस्क स्वस्त मिळते, पण ती या कामासाठी बनवलेली नसते. चांगली डिस्कही तीन ते पाच वर्षांत बदलायची वस्तू आहे असे धरून चालावे.

प्रश्न : आमचे गोदाम समुद्रापासून अगदी जवळ आहे. रात्री दोन कॅमेऱ्यांचे चित्र पांढुरके, धुके पडल्यासारखे दिसते आणि कंपाउंडच्या टोकाचा एक कॅमेरा अंधार पडला की बंद होतो व सकाळी आपोआप सुरू होतो. कॅमेरे जुने झाले म्हणून सगळे बदलावेत असा सल्ला मिळाला आहे. (एक वाचक, वास्को)

उत्तर : कृपया इतक्यात काही बदलू नये. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवर बहुधा थोड्या खर्चात इलाज होईल.

पांढुरकेपणा रात्रीच दिसतो, कारण अंधारात कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि काचेवर बसलेला क्षार, धूळ किंवा कोळ्याचे जाळे यांवरून तो प्रकाश परतून थेट भिंगात शिरतो. दिवसा ज्या जाळ्याचा पत्ताही लागत नाही, तेच रात्री पडदा होऊन बसते. शिवाय वाऱ्याने ते हलले की यंत्राला हालचाल झाल्यासारखी वाटते, आणि हालचालीवर चित्रण होणाऱ्या ठिकाणी डिस्क विनाकारण भरते. लांब बांबूला मऊ कुंचा बांधून आठवड्यातून एकदा कॅमेऱ्याभोवतीची जाळी काढावीत. किनाऱ्यालगतची काच कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये, कारण क्षाराचे कण काचेवर, आणि विशेषतः प्लॅस्टिकच्या घुमटावर, ओरखडे पाडतात आणि मग तो पांढुरकेपणा कायमचा होतो. आधी गोड्या पाण्याने क्षार धुवावा आणि नंतर मऊ ओल्या कापडाने पुसावे. घुमटावर स्पिरिट किंवा थिनर वापरू नये. कोळी पुन्हा पुन्हा येत असतील तर कॅमेऱ्याचे अंगचे इन्फ्रारेड दिवे बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा दीड-दोन मीटर बाजूला लावावा, म्हणजे किडे आणि त्यांच्यामागचे कोळी दिव्यापाशी जातात आणि भिंग मोकळे राहते. घुमटात आतून वाफ धरत असेल तर रबरी गॅस्केट बदलून आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. कॅमेरा चालू असताना आतून किंचित उबदार राहतो आणि बंद केल्यावर थंड होताना बाहेरची दमट हवा आत ओढतो. म्हणूनच गोदाम रिकामे आहे या कारणास्तव पावसाळ्यात कॅमेरे बंद ठेवणे चुकीचे आहे.

कंपाउंडच्या टोकाच्या कॅमेऱ्याला मला वाटते वीज पुरत नाही. दिवसा तो कमी प्रवाह घेतो आणि रात्री दिवे लागले की त्याला दुप्पट-तिप्पट प्रवाह लागतो. बारीक तारेतून १२ व्होल्ट दूर नेले तर वाटेतच बरेच व्होल्ट खर्ची पडतात. उदाहरणार्थ, ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ६० मीटर नेली तर जाऊन-येऊन १२० मीटरचा रोध सुमारे साडेचार ओम होतो. दिवसा पाव अँपिअरला सव्वा व्होल्ट घटतो आणि कॅमेरा तेवढे सोसतो, परंतु रात्री पाऊण अँपिअर ओढताना साडेतीन व्होल्टच्या आसपास घट होते आणि कॅमेरा बंद पडतो. कॅमेऱ्यांसाठी बाजारात सर्रास मिळणाऱ्या थ्री प्लस वन केबलमधील विजेच्या तारा याहूनही बारीक असू शकतात, आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतील तर घट आणखी वाढते. रात्री, दिवे लागलेले असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. दिवसा मोजून काही कळणार नाही. निदान खरे ठरले तर त्या कॅमेऱ्याजवळ पाणी न लागणाऱ्या पेटीत वेगळा ॲडॅप्टर बसवला की काम भागते.

आणखी एक सुचवतो. केबलचे सांधे नुसत्या टेपने गुंडाळलेले असतील तर पावसाआधी ते बंद पेटीत घ्यावेत आणि पेटीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळणारे पाणी आत न जाता तेथेच गळून पडते. खाऱ्या हवेत साधे स्क्रू वर्षभरात गंजतात, तेव्हा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे वापरावेत.

प्रश्न : आमच्या काजूच्या गोदामात दरवर्षी मे महिन्यातील गडगडाटात एकतरी कॅमेरा किंवा डीव्हीआरचा एखादा चॅनल जळतो. गोदाम आणि कार्यालय वेगवेगळ्या इमारतींत असून मध्ये सुमारे ७० मीटरचे अंतर आहे. (एक वाचक, वाळपई)

उत्तर : सह्याद्रीच्या पायथ्याला वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार होतात आणि आपले नुकसान ते ७० मीटर तांबे करते. वीज थेट कॅमेऱ्यावरच पडावी लागत नाही. ती आसपास कोठेही पडली तरी दोन इमारतींच्या जमिनीतील विद्युतदाबात क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो भरून काढणारा प्रवाह केबलमधून धावतो. त्यामुळे दोन इमारतींच्या मधला पट्टा तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबरचा करावा. फायबर काचेचे असते आणि काचेतून वीज वाहत नाही. मात्र फायबरच्या केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार नसलेला प्रकारच मागावा, नाहीतर सगळा खर्च वाया जातो. फायबरसाठी आयपी प्रकारचे, म्हणजे संगणकाच्या जाळ्यावर चालणारे, कॅमेरे सोयीचे. तसे ते असतील तर दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तारेतील संदेश प्रकाशात आणि प्रकाशातील तारेत बदलणारी पेटी, पुरतात. जुने कोॲक्सिअल कॅमेरे असतील तर गोदामातच वेगळा छोटा रेकॉर्डर ठेवून फक्त त्याचे जाळे फायबरने कार्यालयाला जोडता येते.

अर्थिंगविषयी एक चूक वारंवार दिसते. कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र खड्डा खणून तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगपासून मुद्दाम तोडून ठेवतात. अशाने विजेच्या वेळी दोन अर्थिंगमध्ये फरक निर्माण होऊन उलट यंत्रच जळते. खड्डा वेगळा असला तरी तो मुख्य अर्थिंगला जोडलेलाच हवा, आणि सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका जमिनीकडे वळवणारे उपकरण, त्या अर्थिंगला शक्य तितक्या आखूड तारेने जोडावा. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो आणि विजांचा काळ नेमका त्याच वेळी सुरू होतो, म्हणून मोजणी एप्रिल महिन्यात करून घ्यावी. जुलैमध्ये चिखलात घेतलेला चांगला आकडा आपल्याला मे महिन्यात वाचवणार नाही.

प्रश्न : तांदळाच्या गोदामात डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांच्या केबल एकत्र जोडणारा नेटवर्क स्विच वर्षभरात निकामी होतात. उघडल्यावर आतील तांबे काळवंडलेले दिसते. दमटपणामुळे असे होते काय? (एक वाचिका, म्हापसा)

उत्तर : दमटपणाचा त्यात हात आहे, पण आपल्या गोदामात किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी दिली जात असेल तर खरे कारण तेच असण्याची शक्यता फार मोठी आहे. हवेतील ओलाव्याने त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो किडीला मारतो, तसाच तांबे, पितळ, चांदी या धातूंना खातो, आणि हवा दमट असेल तर अधिकच. विजेच्या उपकरणांतील जोड नेमक्या याच धातूंचे असतात. कॅमेरे बसवणाऱ्यांपैकी फार थोडे जण याचा विचार करतात, याची मला खंत वाटते.

डीव्हीआर, स्विच आणि यूपीएस गोदामाच्या हवेत ठेवूच नयेत. ते कार्यालयात, वेगळ्या भिंतीपलीकडे न्यावेत आणि केबल ज्या भोकातून येतात ते भोक पक्के बुजवावे, कारण वायू तेथून माणसे बसतात त्या खोलीतही येऊ शकतो. आतील कॅमेरे सहज काढता येतील अशा कड्यांवर बसवावेत आणि धुरीच्या आदल्या दिवशी काढून ठेवावेत. त्या काळात माल हलणार नसतोच, तेव्हा दरवाजे आणि त्यांवरील सील दिसतील असे बाहेरचे कॅमेरे पुरेसे आहेत. धुरी देणाऱ्या परवानाधारक माणसाकडून तारीख आणि गोदाम पुन्हा उघडण्याची वेळ लेखी घ्यावी. माझी एक कळकळीची विनंती आहे : कॅमेरा बंद पडला, एवढ्या कारणासाठी धुरी चालू असताना कोणालाही आत पाठवू नये. फॉस्फिनने माणूस मरतो.

प्रश्न : आमच्या सुपारीच्या गोदामात चार कॅमेरे आहेत, पण हंगामात पोत्यांच्या थप्प्या वर गेल्या की दोन कॅमेऱ्यांना समोर पोतीच दिसतात. दारावरच्या कॅमेऱ्यात माणसे दिसतात, पण चेहरे ओळखू येत नाहीत. (एक वाचक, पेडणे)

उत्तर : रिकाम्या गोदामात कॅमेरे बसवले की असे होणारच. भिंतीवर रंगाची एक ठळक रेघ ओढावी आणि थप्पी त्या रेघेवर नेऊ नये, अशी ताकीद हमालांच्या मुकादमाला द्यावी. जागेअभावी ते शक्य नसेल तर कॅमेरा थप्प्यांमधील वाटेच्या टोकाला, वाटेच्या दिशेने वळवावा, कारण चोर थप्पीवरून जात नाही, तो वाटेनेच जातो. प्रत्येक कॅमेऱ्याचे योग्य दिशेचे एक चित्र छापून डीव्हीआरजवळ चिकटवून ठेवावे आणि महिन्यातून एकदा पडद्यावरील चित्राशी ताडून पाहावे. कॅमेरा थोडा वळला, समोर झाडाची फांदी आली किंवा कुंभारीण माशीने भिंगापाशी मातीचे घर केले तर ते या ताडून पाहण्यातच लक्षात येते.

चेहऱ्यांच्या बाबतीत, अनोळखी माणूस ओळखता येण्यासाठी चित्रात दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल हवेत, असा देखरेखीच्या कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीचा दंडक आहे. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रुंदी १९२० पिक्सेल असते, म्हणजे तो जास्तीत जास्त साडेसात मीटर रुंदीच्या दृश्यातच चेहरा ओळखीजोगा टिपू शकतो. आपण त्याला बहुधा पूर्ण अंगण दाखवले आहे. दारासाठी वेगळा कॅमेरा ठेवावा, तो फार उंच नसावा आणि त्याच्या चौकटीत फक्त दार असावे. दाराबाहेरच्या उजेडामुळे चेहरे काळे पडत असतील तर डब्ल्यूडीआर, म्हणजे एकाच दृश्यातील लख्ख उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळण्याची सोय, असलेला कॅमेरा घ्यावा.

प्रश्न : चोरीनंतर पोलिसांनी चित्रण मागितले. आमच्या मुलाने मॉनिटरवरील चित्र मोबाइलवर टिपून पाठवले, पण तेवढे पुरेसे नाही असे सांगण्यात आले. आता काय करावे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : पहिले काम म्हणजे आजच मूळ चित्रण उतरवून घ्यावे, कारण डिस्क फिरत आहे आणि तो दिवस पुसला गेला तर नंतर काही उपाय राहत नाही. डीव्हीआरमध्ये फाइल कुलूपबंद करण्याची सोय असेल तर आधी ती वापरावी. चित्रण डीव्हीआरच्या स्वतःच्या स्वरूपात, ते चालवणाऱ्या प्लेअरसह काढावे, आणि घटनेच्या आधीचा व नंतरचा अर्धा तासही त्यात घ्यावा. मोबाइलवर टिपलेले चित्र प्राथमिक माहितीसाठी ठीक आहे, पण त्यावरून मूळ फाइल तपासता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ नुसार अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही नोंदवायचे असते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा. फाइलमध्ये कणभर बदल झाला तरी तो ठसा बदलतो. जुन्या कायद्याखाली, २०२० मध्ये, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे प्रमाणपत्र अत्यावश्यक असल्याचे स्पष्ट केले होते, आणि तेथील वादही निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रणावरूनच होता. मजकूर कसा भरावा हे तपास अधिकारी आणि आपले वकील यांना विचारून ठरवावे.

डीव्हीआरच्या घड्याळाला हात लावण्यापूर्वी ते खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे, हे साक्षीदारासमोर लिहून ठेवावे. आतील नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर ते घड्याळ भलतीच तारीख दाखवू लागते, आणि मग आरोपी त्या वेळी तेथे होता की नाही यावरच वाद होतो. हा सेल अगदी स्वस्त मिळतो. यंत्र इंटरनेटला जोडलेले असल्यास वेळ आपोआप जुळवण्याची सोय सुरू करावी आणि भारतीय वेळेचा +५:३० हा फरक त्यात नीट भरला आहे ना, ते पाहावे. इंटरनेट जोडताना कारखान्यातून आलेला पासवर्ड मात्र बदललाच पाहिजे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर याच न बदललेल्या पासवर्डमुळे ताब्यात घेतले होते. नवा पासवर्ड बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्येच न राहता आपल्या तिजोरीत, बंद पाकिटात असावा. ऐन तपासाच्या वेळी तो माणूस फोन उचलत नाही म्हणून पोलीस आणि मालक डीव्हीआरसमोर ताटकळत बसलेले मी पाहिले आहेत. आपल्याकडे पासवर्ड कोणाजवळ आहे, हे चित्रण उतरवायला बसण्यापूर्वीच विचारून घ्यावे.